ग्रीनकार्ड पेंडिंग असताना तातडीनं गावी जायचंय? मला असा मिळाला ॲडव्हान्स परोल

ह्यांच्याकडून माझी अमेरिकेची ग्रीनकार्ड फाइल (आय-४८५) पेंडिंग, मी स्टुडंट व्हिसावर, अन् इकडं दारव्ह्याजवळ गावी बाबांना हार्ट अटॅक. ॲडव्हान्स परोल म्हणजे फाइल पेंडिंग असताना बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी; तिचा कागद हाती नसताना देश सोडला तर फाइल सोडून दिली असं धरतात (एच-१बी, एल-१ ह्या नोकरीच्या व्हिसावाल्यांना सूट आहे). परोलचा अर्ज (आय-१३१) आधीच भरला होता पण हलून नाही राहिला, तो लवकर काढा म्हणून केलेली एक्सपेडाइटची विनंतीही नुसती पडून. रात्र रात्र झोप नव्हती.

शेवटी जमलं ते असं. आधी भावाला दवाखान्यात पाठवलं. नुसती औषधाची चिठ्ठी चालत नाही, लेटरहेडवर आजार, भरती केल्याची तारीख, तब्येत गंभीर आहे हे स्पष्ट, खाली डॉक्टरची सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. पत्र मराठीत होतं म्हणून पूर्ण इंग्रजी भाषांतर, अन् भाषांतर करणाऱ्यानं "मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर बरोबर आहे" असं सही करून दिलं पाहिजे. मग यूएससीआयएसच्या (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) १-८००-३७५-५२८३ वर फोन लावून स्पष्ट म्हटलं, इमर्जन्सी ॲडव्हान्स परोलसाठी फील्ड ऑफिसची (त्यांच्या स्थानिक कार्यालयाची) अपॉइंटमेंट पाहिजे. जाताना नवीन भरलेला आय-१३१, फी, आय-४८५ ची पावती, पासपोर्ट, फोटो, पत्र अन् तिकिटाचं बुकिंग नेलं, कागद मिळाला.

कागद हातात आल्यावरच निघा. परतताना मुंबईला एअरलाइनच्या काउंटरवरही तोच दाखवावा लागतो, हातातल्या बॅगेतच ठेवा.