शिट्टीआधी पाय: नाशिकमधून आंतरराष्ट्रीय रेफरी व्हायचं असेल तर

आंतरराष्ट्रीय रेफरीला मिळणारा फिफाचा बिल्ला एका वर्षापुरताच असतो. जर्सीवर छातीशी लावायच्या त्या बिल्ल्यावर साल छापलेलं असतं आणि ३१ डिसेंबरला त्याची मुदत संपते. पुढच्या वर्षासाठी पुन्हा फिटनेस टेस्ट, पुन्हा मेडिकल, पुन्हा आपल्या देशाच्या फेडरेशनची शिफारस. ‘एकदा फिफा रेफरी झालो की झालं’ असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हे सगळ्यात आधी सांगतो.

मी नाशिकमध्ये जिल्हा आणि राज्य पातळीवर मॅचेस करतो आणि नव्या मुलामुलींना रेफरिंग शिकवतो. बहुतेक जण येतात ते खेळणं सुटल्यावर, नोकरी लागल्यावर. या क्षेत्रात तो उशीर महागात पडतो. आंतरराष्ट्रीय यादीत यायला मुख्य रेफरीला किमान २५ वर्षं वय लागतं, असिस्टंट रेफरीला, म्हणजे रेषेवर फ्लॅग घेऊन पळणाऱ्याला, २३. त्याआधी देशातल्या अव्वल लीगमध्ये नियमित मॅचेस केलेल्या असाव्या लागतात. उलट हिशोब मांडा: जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय परीक्षा, मग मोठी लीग. प्रत्येक पायरीवर काही वर्षं जातात. म्हणून अकरावी-बारावीतल्या पोरांना मी सांगतो, क्लबकडून खेळत राहा, पण शिट्टीही आत्ताच हातात घ्या.

वाट अशी आहे. सुरुवात जिल्हा फुटबॉल संघटनेच्या रेफरी कोर्सपासून. नियमांचे वर्ग, लेखी परीक्षा, मैदानावरची चाचणी. त्यावर राज्य संघटना, म्हणजे ‘विफा’. तिचा कारभार मुंबईतून चालतो, त्यामुळे पहाटेच्या गाडीची सवय करून घ्या. त्यावर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ. फिफाकडे नावं पाठवण्याचा अधिकार त्यांचाच, थेट अर्ज करता येत नाही.

आता पायांबद्दल, कारण माझ्या मते हे सगळं करिअर पायांवर उभं आहे. पुरुष आंतरराष्ट्रीय रेफरीच्या चाचणीत आधी ४० मीटरचे सहा स्प्रिंट, प्रत्येक ६ सेकंदांच्या आत. मग खरी कसोटी: ७५ मीटर १५ सेकंदांत पळायचं, २५ मीटर १८ सेकंदांत चालायचं, असं चाळीस वेळा. ४०० मीटरच्या ट्रॅकवर हे दहा राउंड होतात. पहिले चार-पाच राउंड सोपे वाटतात. सातव्यानंतर ते १८ सेकंद कमी पडायला लागतात; श्वास खाली बसायच्या आत पुढची शिट्टी वाजते. गोल्फ क्लब मैदानावर पहाटे पळणाऱ्यांची कमी नाही, पण एका लयीत तासभर पळून ही टेस्ट निघत नाही. कोन लावा, मोबाईलवर बीप लावा आणि थांबत-पळत सराव करा. नाशिकची पहाटेची हवा म्हणजे आपल्याला मिळालेली देणगी आहे, तिचा फायदा घ्या.

आणि हे पळणं नुसतं परीक्षेपुरतं नाही. शाळांच्या सुब्रतो कपची पावसाळ्यातली जिल्हा फेरी डोळ्यांसमोर आणा. मैदानात चिखल, गोलसमोर डबकं, कॉर्नर घेतला जातोय. नवा रेफरी हमखास हवेतल्या बॉलकडे बघतो. बघायचं असतं खाली: कोण कोणाची जर्सी ओढतंय, गोलकीपरच्या वाटेत कोण उभं राहिलंय. तेवढ्यात डिफेंडर बॉल लांब मारतो, विंगर सुटतो आणि सेंटर लाइनच्या पुढे टॅकल होते. त्या क्षणी तुम्ही पंधरा मीटरवर, बाजूच्या कोनातून बघत असाल तर पाय बॉलला आधी लागला की घोट्याला, हे स्वच्छ दिसतं. चाळीस मीटर मागून दिलेला निर्णय बरोबर असला तरी कोणाला पटत नाही. दोन्ही बेंचवरून ‘काय राव सर!’ सुरू होतं आणि उरलेली मॅच प्रत्येक थ्रो-इनवर वाद होतात. मी नव्या रेफरीची मॅच बघताना म्हणूनच त्याने काय निर्णय दिला हे नंतर बघतो, तो कुठे उभा होता हे आधी.

आरडाओरडा होणारच. शालेय मॅचमध्ये तर पालकच जास्त ओरडतात. शांतपणे कॅप्टनला बोलवा आणि फक्त त्याच्याशी बोला. २०२४ च्या युरो स्पर्धेत हीच पद्धत सगळ्या जगाने पाहिली: जाब विचारायचा तर कॅप्टननेच, बाकीच्यांनी लांब राहायचं.

नियमांचं पुस्तक १७ नियमांचं आहे, पण दरवर्षी १ जुलैपासून त्यात बदल लागू होतात. २०२५ पासून गोलकीपरने बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्या टीमला कॉर्नर मिळतो. आधी इनडायरेक्ट फ्री किक असायची. जून संपताना नवी आवृत्ती वाचून काढा, इंग्रजीतच वाचा. आंतरराष्ट्रीय मॅचमध्ये वेगवेगळ्या देशांचे अधिकारी एकत्र असले की हेडसेटवर इंग्रजीतच बोलतात. मराठी माध्यमातून आलेल्यांनी याचा धसका घेऊ नये. लागणारे शब्द मोजकेच आहेत आणि सरावाने जिभेवर बसतात.

पैशांचं स्पष्ट बोलतो. जिल्हा पातळीवर मिळणारं मानधन पेट्रोल आणि चहा-नाश्त्यातच जातं. आपल्याकडचे बहुतेक रेफरी नोकरी किंवा व्यवसाय सांभाळूनच हे करतात. सातपूर-अंबडच्या कंपनीत शिफ्ट असेल तर सुपरवायझरशी आधीच बोलून ठेवा, कारण राष्ट्रीय स्पर्धेची नेमणूक आली की सलग दहा-बारा दिवस जातात.

असिस्टंट रेफरीचं काम दुय्यम समजू नका. २००२ च्या वर्ल्ड कपला भारतातून गेलेले कोमलेश्वरन शंकर असिस्टंट रेफरीच होते. गोव्याच्या युवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डनला मुलींच्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपला गेल्या, त्याही असिस्टंट म्हणूनच. ऑफसाइडची नजर पक्की असेल तर फ्लॅग हातात घ्या. मुलींना तर मी आवर्जून सांगतो: या. कोर्सला मुली अजून फार कमी येतात, आणि २०२२ मध्ये जर्मनी-कोस्टा रिका या पुरुषांच्या वर्ल्ड कप मॅचला शिट्टी स्टेफनी फ्रापारच्या हातात होती.

शेवटी रिपोर्ट. रेड कार्ड दाखवलं की त्याच संध्याकाळी लिहा: कितवं मिनिट, जर्सी नंबर, काय घडलं, तुम्ही किती अंतरावर होता. ‘अत्यंत उद्धटपणे’ वगैरे नको. तो जे बोलला तेच शब्द लिहा. शिस्तपालन समितीसमोर तोच कागद असतो, तुम्ही नसता. पहिल्या मॅचला जाताना दोन शिट्ट्या, दोन घड्याळं, नाणं, कार्डं, पेन्सिल आणि पावसात भिजणार नाही अशी छोटी वही घ्या. पेन ओल्या कागदावर उमटत नाही.