हाड मोडल्यानंतर जुळणी बिघडवणाऱ्या या चुका टाळा

मोडलेलं हाड डॉक्टर जोडत नाहीत. ते दोन टोकं समोरासमोर आणतात आणि हलणार नाहीत अशी धरून ठेवतात. जुळायचं काम हाड स्वतःच करतं, आणि त्यासाठी त्याला रक्त लागतं, बऱ्यापैकी स्थिरता लागते आणि वेळ लागतो. उपचार चालू असताना जे बिघडतं ते बहुतेक वेळा यातलंच काहीतरी कमी पडल्यामुळे.

आत काय चाललेलं असतं ते आधी बघू. मोडल्याबरोबर त्या जागी रक्ताची गाठ धरते. पहिल्या आठवड्यात सूज असते. ती त्रासदायक असली तरी दुरुस्ती करणाऱ्या पेशी त्याच काळात तिथे पोचतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तंतू आणि कूर्चेचा मऊ कॅलस, म्हणजे मोडलेल्या जागेभोवती तयार होणारी गाठ, टोकांना धरतो. मग त्यात कॅल्शियम-फॉस्फेटचे क्षार भरत जातात आणि कॅलस कठीण होतो. शेवटी ऑस्टिओक्लास्ट पेशी जादाचं हाड खातात, ऑस्टिओब्लास्ट पेशी भार येईल त्या दिशेने नवं हाड रचतात, आणि हे काम कित्येक महिने, कधी काही वर्षं चालतं.

दुखणं थांबलं म्हणून प्लास्टर काढणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. मऊ कॅलस धरला की टोकं एकमेकांवर घासत नाहीत आणि वेदना एकदम उतरते. साधारण तिसऱ्या आठवड्यात माणसाला वाटतं, झालं बरं. घरीच पाण्यात भिजवून प्लास्टर सोडलं जातं. पण त्या कॅलसमध्ये वाकण्याला विरोध करण्याची ताकद अजून नसते. हाड हळूहळू वाकतं आणि वाकलेल्या जागीच पक्कं होतं. मोठ्या माणसाच्या मनगटाला साधारण ६ आठवडे लागतात, नडगीला १२ ते १६ किंवा त्याहून जास्त. मऊ कॅलस एक्स-रेमध्ये दिसतच नाही. दोन आठवड्यांच्या फिल्मवर फट आधीपेक्षा रुंदही वाटू शकते, कारण टोकांवरचं मेलेलं हाड शोषलं जात असतं. ती फिल्म बघून डॉक्टर बदलू नका.

पहिल्या तासात

‘बोटं हलतायत, म्हणजे मोडलं नाही’ हा समज चुकीचा आहे. बोटं हलवणारे स्नायू आणि त्यांच्या दोऱ्या शाबूत असल्या की हाड मोडलेलं असूनही बोटं हलतात. मोडल्याची शंका असेल तर वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरून लाकडी पट्टी किंवा घट्ट गुंडाळलेलं वर्तमानपत्र बांधा. अंगठी, बांगड्या, जोडवी सूज चढायच्या आत काढा. जखमेतून हाड दिसत असेल तर ते आत ढकलू नका. हळद, कॉफी, माती काही लावू नका. स्वच्छ कापडाने झाका आणि निघा. उघड्या फ्रॅक्चरमध्ये अँटिबायोटिक जितक्या लवकर सुरू होईल तितका संसर्गाचा धोका कमी.

पसरलेल्या तळहातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खोलगट जागी दाबल्यावर दुखत असेल आणि एक्स-रे मात्र नॉर्मल असेल, तर विषय तिथे संपवू नका. स्कॅफॉइड या लहान हाडाची चीर पहिल्या फिल्मवर सुटू शकते. मनगट आधारात ठेवून १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकाकडून उलटं येतं. चीर दुर्लक्षित राहिली तर मनगटाकडचा तुकडा रक्ताअभावी मरू शकतो.

घट्ट पट्ट्या आणि कोपराचं मालीश

हाडवैद्याकडे जाऊन बरे झालेले लोक गावोगावी भेटतात, यात नवल नाही. न सरकलेलं फ्रॅक्चर थोडी स्थिरता मिळाली की कोणाच्याही हाताखाली जुळतं. अडचण येते ती सरकलेल्या, सांध्यात शिरलेल्या आणि लहान मुलांच्या कोपराजवळच्या मोडीत. बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधल्यावर आत सूज वाढते, बाहेर जागा नसते, आणि स्नायूंचं रक्त अडतं. साधारण ६ तास रक्त मिळालं नाही तर स्नायू कायमचे मरू लागतात. पुढे बोटं आत वळून आखडतात. याला फोल्कमान कॉन्ट्रॅक्चर म्हणतात, आणि झालेलं नुकसान पूर्ण भरून निघत नाही.

कोपराला मार लागल्यानंतर तेल लावून जोरात चोळणं किंवा हात ताणून सरळ करायला बघणं तितकंच वाईट. फाटलेल्या स्नायूत पुन्हा पुन्हा रक्तस्राव होतो, तिथे हाड तयार होऊ लागतं आणि कोपर अडकतो. कोपराला मालीश नकोच, प्लास्टर निघाल्यावरही नको.

प्लास्टर घरी आल्यावर

पहिले ४८ तास महत्त्वाचे. हात किंवा पाय उशांवर, हृदयाच्या थोडा वर ठेवा. जागेपणी दर तासाला बोटं पूर्ण उघडा-मिटा. नख दाबून सोडल्यावर सुमारे २ सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे. पण रंग ठीक आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढत असताना नाडी आणि रंग बराच वेळ नॉर्मल राहू शकतात. आधी येते ती औषधाला न जुमानणारी, वाढत जाणारी वेदना. कोणी दुसऱ्याने बोटं हळूच सरळ केली तरी कळ उठते, मुंग्या येतात. अशा वेळी सकाळची वाट बघू नका. हात हृदयाच्या पातळीवर आणा, त्याहून वर नाही, आणि तडक रुग्णालयात जा. तिथे प्लास्टर आणि आतली कापसाची पट्टी कातडीपर्यंत, पूर्ण लांबीत उकलावी लागते.

पांढरं प्लास्टर ऑफ पॅरिस वरून अर्ध्या तासात कडक वाटतं, पण पूर्ण वाळायला २ ते ३ दिवस जातात. तोपर्यंत ते टेबलाच्या कडेवर टेकवलं तर खळगा पडतो आणि आत कातडीवर घाव होतो. खाज सुटली म्हणून विणकामाची सुई, पट्टी, पेन आत घालू नका, तेल-पावडरही नको. एकाच जागी जळजळ होत असेल, वास येत असेल किंवा डाग वर उमटला असेल तर प्लास्टरला खिडकी पाडून बघून घ्यावं लागतं. आणि मनगटाचं प्लास्टर असलेल्यांनी दिवसभर हात गळ्यातल्या झोळीत ठेवू नये. मनगट बरं होतं आणि खांदा आखडतो, असं पन्नाशीपुढच्या लोकांत सारखं बघायला मिळतं.

मुलांची हाडं वेगळी

मुलाचं हाड ओल्या फांदीसारखं एका बाजूने चिरतं, दुसऱ्या बाजूला नुसतं वाकतं. ते लवकर जुळतं आणि सांध्याच्या हालचालीच्या दिशेतला थोडा बाक वाढीबरोबर सरळही होतो. पीळ मात्र सुटत नाही, कोपराचा आत वळलेला कोनही सुटत नाही. तेव्हा ‘मूल आहे, होईल आपोआप’ हे अर्धंच खरं.

हाडाच्या टोकाजवळच्या वाढ-पट्टीला, म्हणजे हाड जिथून लांब होतं त्या कूर्चेच्या पट्टीला, इजा झाली असेल तर ती एक्स-रेवर न दिसण्याची शक्यता असते. त्यामुळे मुलाचं मनगट किंवा घोटा ‘मुरगळला’ असं ठरवण्याआधी हाडावर नेमकं बोट ठेवून दुखतं का ते तपासून घ्यावं. अशी मोड ७-१० दिवसांनंतर पुन्हा ओढून बसवायचा आग्रह धरू नका, त्याने पट्टीलाच इजा होते. पुढे निदान वर्षभर लांबी आणि कोन बघत राहावं.

हाड जुळायला वेळ लागतोय

प्लेटने घट्ट आवळून बसवलेलं हाड कॅलस न करता थेट जुळतं. म्हणून प्लेटनंतरच्या फिल्मवर गाठ दिसत नाही, आणि लोक उगाच घाबरतात. रॉड किंवा प्लास्टर असेल तर मात्र कॅलस दिसायला हवा. तो दिसत नसेल तर आधी तंबाखू विचारा: सिगारेट, विडी, गुटखा, मशेरीसुद्धा. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं, आणि मशेरी लावणाऱ्या बाईला ‘तंबाखू घेता का’ विचारलं तर ती नाही म्हणते. त्यानंतर साखर, संसर्ग आणि टोकांतली फट बघायची. नडगीच्या खालच्या तिसऱ्या भागावर स्नायूंचं आवरण कमी, रक्तही कमी. तिथे उशीर अपेक्षितच.

इलिझारोव्ह रिंगवर (बाहेरून बसवलेल्या, तारांनी हाड धरणाऱ्या कड्यांच्या चौकटीवर) हाड वाढवायचं असेल तर नेहमीचा वेग दिवसाला १ मिमी, पाव-पाव मिमी चार वेळा. चारही फेऱ्या एकदम फिरवल्या तर नवं हाड नीट धरत नाही. दिवस चुकवत गेलं तर मधेच पक्कं होऊन लांबी थांबते.

कॅल्शियम आणि डी-जीवनसत्त्व

हाडात क्षारांइतकंच महत्त्व कोलाजेन या प्रथिनाच्या जाळीला आहे. नुसत्या गोळ्या खाऊन डाळ, अंडी, दूध कमी करणं म्हणजे अर्धा माल पुरवणं. मोठ्यांना रोज सुमारे १००० मिग्रॅ कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत त्यातलं तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त मिळतं. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्या, एका वेळी ५०० मिग्रॅपर्यंत. थायरॉइडच्या गोळीपासून ती ४ तास लांब ठेवा, लोहाच्या गोळीबरोबरही नको. डी-जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट सहसा आठवड्याला एक असतं. ते रोज घेणं किंवा चिठ्ठी संपल्यावरही महिनोन् महिने चालू ठेवणं धोक्याचं. रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडाचा त्रास होतो.

म्हाताऱ्या माणसाचा खुबा

‘वय झालंय, ऑपरेशन नको, पडून राहू दे’ या निर्णयाने न्यूमोनिया, पाठीचे घाव आणि पायातल्या रक्ताच्या गाठी येतात. प्रकृती झेपत असेल तर शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांत आणि दुसऱ्याच दिवशी बसवणं-उभं करणं हा मार्ग बरा. उभ्या-उभ्या पडून हाड मोडलं असेल तर ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्यावरची, औषधंही सुरू व्हायला हवीत. ती राहून जातात आणि मग दुसरा खुबा मोडतो.

सळ्या-प्लेटा

मोठ्या माणसात त्रास नसेल तर त्या काढायची सहसा गरज नसते. काढल्याच तर स्क्रूची भोकं भरेपर्यंत हाड कमजोर असतं. पायातली प्लेट काढल्यावर चालायची परवानगी लवकर मिळते; धावणं, उड्या आणि कबड्डी मात्र सर्जन सांगतील तेवढे आठवडे बंद.