पहिले शंभर मैल: शर्यत निवडताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या आपल्या पळणाऱ्या मंडळींत कुणी म्हटलं की ‘पन्नास मैल झाले, आता शंभर’, की पहिलं नाव ठरलेलं: कॅलिफोर्नियातली शंभर मैलांची शर्यत, वेस्टर्न स्टेट्स. पण तिथे नुसता अर्ज करायलाही आधी त्यांच्या यादीतली शंभर किलोमीटर किंवा त्याहून मोठी शर्यत पुरी केलेली लागते. वर सोडत, आणि नंबर लागायला वर्षं जातात. सोडतीत नाव जरूर टाका, पण पहिले शंभर मैल तिच्या भरवशावर ठेवू नका.

त्याहून महागात पडते ती फोटो बघून शर्यत निवडण्याची चूक. मीच केली होती. तळी, ढग, शिखरं बघून नाव नोंदवलं आणि बहात्तराव्या मैलावर वेळ संपल्यामुळे बाहेर पडलो. पाय शाबूत होते, हिशेब चुकला होता.

तो हिशेब आधीच मांडा. ३० तासांत शंभर मैल (१६१ किलोमीटर) म्हणजे किलोमीटरला ११ मिनिटं. वाटतं, चालतसुद्धा होईल. पण वाटेत २० एड स्टेशनं, म्हणजे खाण्यापिण्याचे थांबे, असतील आणि प्रत्येक ठिकाणी ८ मिनिटं गेली, तर २ तास ४० मिनिटं तिथेच संपतात. उरतात किलोमीटरला जेमतेम १० मिनिटं, तीही अंधारात, चढावर, पोट बिघडलेलं असताना. शिवाय मधल्या स्टेशनांचे कटऑफ, म्हणजे तिथल्या शेवटच्या वेळा, वेगळे असतात. घोडं पेंड खातं ते बहुधा तिथेच.

कटऑफचा आकडा एकटा वाचूनही भागत नाही. कोलोरॅडोतल्या लेडव्हिलला ३० तास आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या अमस्टेडलाही ३०. लेडव्हिलची सगळी वाट २,८०० मीटरच्या वर आणि सुमारे ३,८०० मीटरची होप पास खिंड दोनदा ओलांडायची. अमस्टेडला रुंद, मळलेल्या जंगलवाटेवर साडेबारा मैलांच्या आठ फेऱ्या. समुद्रसपाटीवर राहणाऱ्याने पहिल्या खेपेला कुठे जावं, हे मी सांगायला नको.

उताराकडे तर कुणी बघतच नाही. वेस्टर्न स्टेट्समध्ये चढ साधारण ५,५०० मीटर आणि उतार ७,०००. तिथे आधी फुफ्फुसं नाही, मांड्या जातात. पुण्यात दर रविवारी सिंहगड पळत उतरणारा यात तरून जाईल. डॅलसमध्ये ट्रेडमिलला चढ लावून सराव करणाऱ्याची मात्र पंचाईत, कारण उतरणं ते यंत्र शिकवत नाही.

‘फेऱ्यांची शर्यत कंटाळवाणी’ म्हणून नाक मुरडू नका. ॲरिझोनातल्या हावेलिना शर्यतीत साधारण वीस मैलांच्या पाच फेऱ्या असतात. दर फेरीला आपली पेटी, कोरडे मोजे, ओळखीचा चेहरा. धोका एवढाच की खुर्ची आणि गाडीही समोरच दिसते. ऑक्टोबरअखेरही तिथे दुपारचं ऊन चांगलंच भाजतं, तेव्हा थंडीच्या गावातून जाणाऱ्याने आधी उन्हात पळून घ्यावं.

सुरू होण्याची वेळही पाहा. पहाटे निघणाऱ्या ३० तासांच्या शर्यतीत एकच रात्र जागायची. आल्प्समधल्या युटीएमबीसारखी शुक्रवारी संध्याकाळी सुटणारी, ४६ तासांहून लांबणारी शर्यत मागच्यांना दोन रात्री जागवते, आणि तिथे पेसर, म्हणजे सोबत पळणारा साथीदारही चालत नाही.

चुकीच्या शर्यतीत नाव नोंदवून बसला असाल, तर आजच नियम उघडा: अंतर कमी करून मिळतं का, नाव पुढच्या वर्षी ढकलता येतं का, आणि त्याची शेवटची तारीख कोणती.