आगोटीच्या यादीत जनरेटर

मे संपत आला, मुंबईला परतायचा दिवस ठरला, की आमच्या दापोलीकडच्या घरात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, यादी निघते. मसाला कुटून झाला का, फणसपोळ्या वाळल्या का, सुकी मासळी डब्यात गेली का, लाकडं मांगरात (घराबाहेरच्या खोपटात) रचली का. या यादीत गेली काही वर्षं जनरेटरही आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत लाइट यायला आठवडे लागले. जनरेटर तेव्हाही आमच्या मांगरात होता. आदल्या गणपतीत वापरून टाकीत पेट्रोल तसंच ठेवलेला. बाबांनी दोरी ओढून ओढून खांदा दुखवून घेतला, पण तो काही सुरू झाला नाही. आईचं इन्सुलिन आम्ही ओलं फडकं गुंडाळलेल्या मडक्यात ठेवलं. ते दिवस मला अजून आठवतात, म्हणून ही यादी इतकी बारकाईने लिहितोय. घरी मागे राहणारी माणसं साठी-सत्तरीची असतात आणि वादळात फोनचं नेटवर्क लाइटच्या पाठोपाठ जातं. तेव्हा जे करायचं ते आपण गावात असतानाच करून ठेवायला हवं.

सुरुवात पेट्रोलपासून करा, कारण बहुतेक दुखणी तिथलीच असतात. साठवलेलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे चिकट राळेसारखा थर राहतो. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, ते बुजायला हा थर पुरेसा असतो. त्यात आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच निघते. म्हणून मागच्या मोसमातलं पेट्रोल टाकीत असेल तर ते काढून टाका, नव्यात मिसळून वापरू नका. कॉकच्या (पेट्रोलच्या तोटीच्या) खाली छोटी वाटी असेल तर तीही उघडून पुसा. तळाशी पाण्याचा थेंब किंवा गंजाची भुकटी हमखास सापडते.

मग तेल. जनरेटर सपाट जागी ठेवून डिपस्टिक पुसून पाहायची. तेल काळं, पातळ झालं असेल तर बदलायचं. नव्या इंजिनाचं पहिलं तेल साधारण 20 तासांनी आणि पुढे 100 तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलतात. आपल्या घरी 100 तास कधीच भरत नाहीत, म्हणून दर आगोटीला बदला. कुठलं तेल घालायचं ते पुस्तिकेत पाहा. बऱ्याच मशीनमध्ये तेल कमी झालं की इंजिन आपोआप बंद करणारा सेन्सर असतो. खळ्याच्या (अंगणाच्या) उतारावर मशीन वाकडं ठेवलं तरी तो बंद करतो आणि आपण उगाच स्पार्क प्लग काढत बसतो.

हवेच्या फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, तेलाचे चार थेंब चोळून पिळून बसवा. कागदी फिल्टर मात्र धुऊ नका, झटका किंवा बदला. प्लग काढून काजळी तारेच्या ब्रशने साफ करा आणि पुस्तिकेप्रमाणे गॅप ठेवा. बऱ्याच मशीनला 0.7 ते 0.8 मिलिमीटर चालतो. एक नवा प्लग आणि प्लगपाना पिशवीत घालून मशीनलाच बांधून ठेवा. शिवाय सायलेन्सरच्या तोंडात आणि थंड हवेच्या जाळीत टॉर्च मारून बघा. कुंभारमाशी तिथे मातीचं घर हमखास बांधते. उंदराने वायर कुरतडली असेल तर ती चिकटपट्टीवर न भागवता बदला.

आता लोडचा हिशोब. फ्रिज चालू असताना दीड-दोनशे वॉट घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो. विहिरीवरचा एक एचपीचा पंप म्हणजे 746 वॉटचं काम, प्रत्यक्षात वीज त्याहून जास्त, आणि सुरू होताना तिपटीहूनही अधिक. दोन केव्हीएच्या मशीनवर हे दोन्ही एकत्र सुरू करायला जाऊ नका. त्या मशीनला पंप एकटासुद्धा जड जाऊ शकतो, तेव्हा ते कोरड्या दिवसात आधीच करून पाहा. क्रम असा: मशीन सुरू करून दोन मिनिटं मोकळं चालवायचं, आधी मोठी मोटार, ती स्थिर झाली की बाकीचं. आमच्याकडे सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास असं ठरलंय. तेवढ्यात फ्रिज गार होतो, पाण्याची टाकी भरते, मोबाइल आणि इन्व्हर्टर चार्ज होतात. तासाला साधारण लिटरभर पेट्रोल धरलं तर दिवसाला चार लिटर, पाच दिवसांना वीस. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय 30 लिटरपर्यंतच ठेवता येतं. ते घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कॅनमध्ये, चुलीपासून आणि देवघरातल्या समईपासून लांब ठेवा. कोल्ड्रिंकच्या बाटल्या नकोत.

घराला वीज जोडायची ती चेंजओव्हर स्विचमधूनच, म्हणजे एका वेळी खांबावरची लाइन किंवा जनरेटर यांतलं एकच जोडलं जातं. दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर करून भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसण्याची पद्धत मी गावात पाहिली आहे आणि तिच्याबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. मेन स्विच चुकून चालू राहिला तर आपली वीज उलटी खांबावर जाते, डीपीतून (गावच्या ट्रान्सफॉर्मरमधून) 11,000 व्होल्ट होऊन पुढच्या तारेवर चढते. त्या तारेला हात लावून आपल्याच गावचा वायरमन भर पावसात काम करत असतो. पाऊस सुरू व्हायच्या आत परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून स्विच बसवून आणि अर्थिंग तपासून घ्या. एक्स्टेंशनची वायर जाड असावी आणि चालू असताना गुंडाळलेली राहू नये, कारण वेटोळं तापून वितळतं.

जागा. पाऊस तिरका यायला लागला की मशीन पडवीत घ्यावंसं वाटतं. घेऊ नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, आणि झोपेत असलेलं माणूस उठतच नाही. झापांची पडवी हवेशीर वाटली तरी तिथला धूर थेट माजघरात जातो. आम्ही खळ्याच्या पलीकडे, खिडक्यांपासून वीस फुटांवर, चारही बाजू उघड्या असलेली पत्र्याची छपरी बांधली आणि सायलेन्सरचं तोंड बागेकडे केलं. खाली जांभ्याचे चार चिरे आहेत, पाणी साचत नाही. चालू मशीनवर प्लास्टिक टाकायचं नाही. पेट्रोल भरायचं ते बंद करून, पंधरा मिनिटं थांबून, कारण तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेलं पेट्रोल पेट घेतं.

एवढं करूनही अडलं तर काय, हे मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून छपरीच्या खांबाला लॅमिनेट करून लावलंय. सुरूच होत नाही: तेल, स्विच, कॉक, चोक (सुरू करताना हवा कमी करणारी खिट्टी), याच क्रमाने बघा. मग प्लग काढा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला असेल तर जास्त झालंय. पुसून, दहा मिनिटं थांबून, चोक उघडून ओढा. चोकवर चालतं आणि चोक उघडला की मरतं: जेटमध्ये कचरा. आवाज वर-खाली होतो: बहुधा तेच. दहा मिनिटं चालून बंद पडतं: टाकीचं झाकण थोडं सैल करून बघा, झाकणातलं हवेचं भोक बुजलं की पेट्रोल उतरत नाही. काळा धूर: फिल्टर घाण किंवा चोक अर्धवट. निळसर धूर: तेल जास्त. इंजिन चालतं पण दिवा लागत नाही: मशीनवरचा ब्रेकर वर करा. तरी नाही लागला तर दोष एव्हीआर (व्होल्टेज सांभाळणारा भाग) किंवा आतल्या कार्बन ब्रशमध्ये असेल, तिथे हात न घालता मेकॅनिकची वाट बघा.

पावसाळाभर महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं, लोड देऊन, चालवायचं. बंद करताना स्विच न दाबता कॉक बंद करायचा, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबतं. गणपतीनंतर टाकी रिकामी करायची आणि ते पेट्रोल मोटारसायकलीत ओतायचं.

निघायच्या आदल्या दिवशी दोरी मी ओढत नाही. बाबांचा खांदा अजून दुखतो, म्हणून आईला शिकवलंय: आधी हळू ओढून अडकेपर्यंत न्यायची, मग एका झटक्यात, आणि परत जाताना हातानेच सोडायची. गेल्या वर्षी तिने तिसऱ्या ओढीला सुरू केलं. मग दुधाच्या हिशोबाच्या वहीत शेवटच्या पानावर स्वतः लिहिलं: 29 मे, पंधरा मिनिटं, फ्रिज आणि दोन दिवे, तेल बरोबर.