हार्ट फेल्युअरसाठी चिनी नाडीपरीक्षा आणि सेन्सर: या चुका टाळा

चिनी वैद्यकातली नाडीपरीक्षा आणि मनगटावरचे सेन्सर यांच्या जोडीने हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त पुरेसं पंप करण्याची ताकद कमी पडणं) ओळखण्याचा प्रयोग फसला की लोक मॉडेल, म्हणजे नाडीच्या नोंदींवरून आजार ओळखायला शिकणारा संगणकी प्रोग्राम, बदलत बसतात. खरी गडबड बहुतेक वेळा पट्टा बांधतानाच झालेली असते.

जागा चुकणे. आयुर्वेदातली तीन बोटांची नाडी माहीत असलेले बरेच जण तीच मांडणी इथे लावतात आणि एकाच हातावर भागवतात. चिनी पद्धतीत दोन्ही मनगटं लागतात आणि प्रत्येकावर त्सुन, ग्वान, छी या तीन जागा असतात. आधी ग्वान शोधा: अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचा उंचवटा, त्याच्या आतल्या अंगाला. तिथून तळव्याकडे त्सुन, कोपराकडे छी. हृदयाची नाडी परंपरेने डाव्या त्सुनवर पाहतात.

दाब न नोंदवणे. सर्वात जास्त डेटा इथेच वाया जातो. वरवरची, मधली आणि खोल नाडी हा सगळा दाबाचाच खेळ आहे. नानजिंग या प्राचीन ग्रंथात बोटाचा दाब चक्क दाण्यांच्या वजनात दिला आहे: फुप्फुसाला 3 दाणे, हृदयाला 6, यकृताला 12. आणि आज महागडा सेन्सर पट्ट्याच्या तिसऱ्या भोकात अडकवून मोकळे होतात! दाब वाढवत नेला की सेन्सरवर उमटणाऱ्या नाडीच्या लहरीची उंची आधी वाढते, बाहेरचा दाब रक्ताच्या सरासरी दाबाजवळ आला की सर्वाधिक होते आणि मग घटते. म्हणजे तोच माणूस, तीच धमनी, फक्त पट्टा सैल, आणि नाडी ‘दुर्बल’ ठरते. टप्प्याटप्प्याने दाब वाढवा, प्रत्येक टप्प्यावर 10-15 ठोके घ्या आणि दाबाचा आकडा लहरीसोबतच साठवा. तो आकडा नसलेली नोंद सरळ बाजूला काढावी.

मनगट हृदयाच्या पातळीवर हवं. 10 सेंमी खाली गेलं तरी दाबात साधारण 8 मिमी पाऱ्याचा फरक पडतो. हात गार असतील तर आधी ऊब द्या.

ठोक्यांची सरासरी काढणे. डावं हृदय फार कमजोर झालं की कधी कधी एक ठोका जोरदार, पुढचा मंद, पुन्हा जोरदार अशी नाडी लागते. लय मात्र नियमित असते. हिला पल्सस आल्टरनन्स म्हणतात. या कामात ही खूण सोन्यासारखी आहे. पण आलेख गुळगुळीत दिसावा म्हणून 8-10 ठोक्यांची सरासरी काढली की जोरदार आणि मंद ठोके एकमेकांत मिसळतात आणि खूण पुसली जाते. सिग्नलची उंची आपोआप सारखी करणारं सेटिंगही तेच करतं. कच्चा सिग्नल जपून ठेवा, ही घाईने टाळण्याची पायरी नव्हे.

उलट बाजूही आहे. बायजेमिनी या लयीच्या बिघाडातही दर दुसरा ठोका मंद असतो, पण तो वेळेआधी येतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाची लय पूर्ण अनियमित झाल्यावर, ठोक्याची उंची आधीच्या अंतरानुसार बदलते. फक्त उंची पाहणारा या तिन्हींची गल्लत करणार. म्हणून सोबत ईसीजीची एक लीड लावाच आणि ठोक्यांमधली अंतरं मोजा. चिनी ग्रंथकारांनीही थांबत चालणाऱ्या नाड्या वेगळ्या नोंदवल्या आहेत: संथ आणि अनियमित खंडाची जिए, वेगवान आणि अनियमित खंडाची त्सू, ठरावीक अंतराने थांबणारी दाय. या तिघींना ‘अनियमित’ या एकाच डब्यात टाकू नका.

फिल्टर. सिग्नलमधला गोंगाट काढणारा फिल्टर एकाच दिशेने चालवला तर तो लहर पुढेमागे सरकवतो आणि डायक्रोटिक खाच (लहर उतरताना दिसणारा छोटा खळगा) विस्कटतो. दोन्ही दिशांनी चालवा.

तुलना चुकणे. एकीकडे सत्तरीतले रुग्ण, दुसरीकडे विद्यार्थी घेतले तर मॉडेल वय ओळखायला शिकतं. रुग्ण बीटा ब्लॉकरवर (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध) असतील तर औषध ओळखतं. आणि एकाच माणसाचे ठोके प्रशिक्षण आणि चाचणी दोन्हींत आले की अचूकता भरमसाट दिसते. वाटणी माणसागणिकच करा.

निदानाचा आधार. इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला डावं हृदय आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर टाकतं तो आकडा) 50 टक्क्यांवर आहे म्हणून कुणाला निरोगी गटात टाकू नका. तसंही हार्ट फेल्युअर असतं. लक्षणं, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी) एकत्र पाहूनच डॉक्टरांकडून ‘आजारी की निरोगी’ हे लेबल घ्या. प्रयोगात असलेल्या रुग्णाला आडवं झाल्यावर दम लागत असेल किंवा 3 दिवसांत वजन 2 किलोंहून वाढलं असेल, तर सेन्सर काहीही सांगो, त्याच दिवशी त्याच्या डॉक्टरांना कळवा.