समई ओतायची तर आधी वाळू ओळखा

गोव्यातल्या डिचोलीत आम्ही पितळी समया ओततो. नवीन पोरगा आला की थेट भट्टीकडे धावतो. मी त्याला आधी आठ दिवस वाळूत बसवतो. चिकणमाती मिसळलेली बारीक वाळू, जेमतेम ओलसर. मूठभर घेऊन घट्ट दाबा. बोटांचे वळ स्वच्छ उमटले पाहिजेत, गोळा मोडला तर कड सरळ तुटली पाहिजे. भुगा झाला तर पाणी कमी. तळहात ओला झाला तर जास्त, आणि ते घातक: वितळलेला रस पडताच पाण्याची वाफ होऊन रस उसळतो. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग तसाच, ऐन आषाढातला.

फर्म्यावर, म्हणजे समईच्या नमुन्यावर, राख भुरभुरा, साच्याच्या दोन्ही पेट्यांत वाळू ठासा, फर्मा हलकेच उचला. रसाला एक वाट, हवेला दुसरी.

मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, आधी तांबे. ते १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. जस्त शेवटी, कारण ते ९०७ अंशांनाच उकळते. पांढरा धूर दिसला की जस्त उडते आहे समजा. तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो, म्हणून भट्टी उघड्यावरच. चामड्याचे बूट घाला, पँट बुटांवरून सोडा. ओतताना धार मात्र मध्येच तोडू नका.