फाइल पाठवणाऱ्या सी प्रोग्राममध्ये पाथची हाताळणी कशी सुधारावी

नागपूरच्या कळमना बाजारातील एखाद्या अडत्याच्या कार्यालयातून रोजच्या आवक-पावत्यांचे स्कॅन गायत्रीनगरच्या आयटी पार्कमधील सर्व्हरवर पोहोचवणारा, सी भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्राम आपल्या हाती आला आहे असे समजू. पाठवणारी बाजू आधी नावाची लांबी पाठवते, मग नाव आणि शेवटी मजकूर. घेणारी बाजू ते नाव ‘/साठा/आवक’ या फोल्डरच्या पाथला, म्हणजे फाइलव्यवस्थेतील त्याच्या पूर्ण पत्त्याला, जोडते आणि फाइल उघडून लिहू लागते. अशा जुन्या प्रोग्राममध्ये हे जोडकाम बहुधा २५६ बाइटच्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतील ठरावीक आकाराच्या जागेत, एक स्ट्रकॉपी (स्ट्रिंगची नक्कल) आणि दोन स्ट्रकॅट (स्ट्रिंगला जोड) एवढ्यावरच भागवलेले असते. नावे आखूड आणि पाठवणारा ओळखीचा असेपर्यंत त्यात काही बिघडत नाही, म्हणून तो कोड वर्षानुवर्षे तसाच राहतो. सुधारणा करताना मूळ भूमिका एकच ठेवावी: नेटवर्कवरून आलेले नाव हा पाथ आहे असे मानायचे नाही, तर एकेक घटक तपासून, आधीच उघडून ठेवलेल्या फोल्डरपासून पायरीपायरीने खाली उतरायचे.

सुरुवात लांबीपासून करावी. लिनक्सवरील ईएक्सटी४ या फाइलव्यवस्थेत पाथच्या एका घटकाला, म्हणजे दोन तिरप्या रेघांमधील नावाला, २५५ बाइटची मर्यादा आहे. आणि कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, एका वेळी दिला जाणारा संपूर्ण पाथ शेवटच्या शून्य बाइटसह ४०९६ बाइटच्या आत असावा लागतो. ही मर्यादा अक्षरांची नसून बाइटची आहे, हे मराठी नावांच्या बाबतीत लगेच जाणवते, कारण यूटीएफ-८ या अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा हलन्त, ३ बाइट घेते. ‘नागपूर’ या शब्दाला १८ बाइट लागतात आणि २५५ बाइटमध्ये फार तर ८५ चिन्हे मावतात. ‘कळमना संत्रा आवक पावती’ असे सविस्तर नाव ठेवून त्यापुढे तारीख, गाडीचा क्रमांक आणि शेतकऱ्याचे नाव जोडण्याची सवय असलेल्या कार्यालयात ही मर्यादा प्रत्यक्षात गाठली जाते.

नावाची लांबी वाचल्यावर मेमरी मागण्याच्या आधीच तिच्यावर मर्यादा घालावी. लांबी ३२ बिटच्या चिन्हरहित पूर्णांकात येत असेल आणि समोरून ४२९४९६७२९५ हा आकडा आला, तर शेवटच्या शून्य बाइटसाठी त्यात १ मिळवताच बेरीज शून्यावर येते. मेमरी देणाऱ्या मॅलॉक या फंक्शनकडे शून्य बाइट मागितले जातात आणि पुढचे वाचन मात्र कित्येक गिगाबाइटचे सुरू होते. त्यामुळे लांबी शून्य असेल किंवा ४०९५ पेक्षा जास्त असेल, तर तिथेच जोडणी बंद करणे योग्य. नाव वाचून झाल्यावर मेमसीएचआर हे बाइट शोधणारे फंक्शन वापरून त्याच्या पोटात शून्य बाइट दडलेला नाही ना, हेही पाहावे. कारण सीच्या स्ट्रिंग-फंक्शनांना नाव तिथेच संपल्यासारखे वाटते, आणि तपासलेले नाव व उघडलेली फाइल यांत फरक पडतो.

स्ट्रकॅटच्या जागी नुसते स्ट्रएनकॅट किंवा स्ट्रएनकॉपी टाकणे याला सुधारणा म्हणता येणार नाही. स्ट्रएनकॅटचा तिसरा आकडा बफरचा आकार सांगत नाही, किती बाइट जोडायचे एवढेच सांगतो. स्ट्रएनकॉपी तर जागा पुरली नाही की शेवटचा शून्य बाइटच लिहीत नाही. बफरचा आकार घेऊन स्ट्रिंग जुळवणारे एसएनप्रिंटएफ त्यापेक्षा बरे, परंतु त्याने परत केलेला आकडा तपासला तरच: तो ऋण असेल, किंवा बफरच्या आकाराइतका वा त्याहून मोठा असेल, तर नाव कापले गेले आहे असे समजून काम थांबवावे. कापलेले नाव ही साधी गैरसोय नाही. ते दुसऱ्याच एखाद्या फाइलचे नाव ठरू शकते, आणि देवनागरी नाव चिन्हाच्या मधोमध कापले गेले तर जे उरते ते वैध यूटीएफ-८ देखील नसते.

यानंतर नावाची छाननी येते. बाहेरून आलेल्या नावात ‘../’, म्हणजे ‘एक फोल्डर वर’, घालून नेमलेल्या फोल्डरबाहेर लिहिण्याची युक्ती फार जुनी आहे, पण कालबाह्य झालेली नाही. सर्व्हरने पाठवलेली नावे पुरेशी न तपासल्याचा दोष ओपनएसएसएचच्या एससीपी या फाइल पाठवणाऱ्या साधनामध्ये २०१९ साली उघड झाला, आणि दोन ठिकाणच्या फाइली जुळवून ठेवणाऱ्या आरसिंकमधील पाथसंबंधीचे दोष ३.४.० या आवृत्तीत दुरुस्त झाले ते २०२५ च्या जानेवारीत. इतक्या वापरातल्या साधनांची ही गत असेल, तर आपल्या छोट्या प्रोग्रामने सावध राहणे भागच आहे.

छाननीत नाव ‘दुरुस्त’ करण्याच्या मोहात पडू नये. ‘../’ हा तुकडा शोधून काढून टाकणारा कोड ‘....//’ या नावापुढे हरतो, कारण मधला तुकडा काढल्यावर उरते ते पुन्हा ‘../’ हेच. उलट, नावात कुठेही दोन टिंबे दिसली की ते नाकारणारा कोड ‘अहवाल..अंतिम’ यासारखे निरुपद्रवी नावही परत पाठवतो. तिरप्या रेघेवर नावाचे घटक पाडावेत आणि प्रत्येक घटक स्वतंत्रपणे पाहावा: तो रिकामा असेल, नेमका एक टिंब किंवा नेमकी दोन टिंबे एवढाच असेल, किंवा २५५ बाइटपेक्षा लांब असेल, तर संपूर्ण नाव नाकारावे. तिरप्या रेघेने सुरू होणाऱ्या नावाचा पहिला घटक रिकामा निघतो, त्यामुळे निरपेक्ष पाथ याच नियमात अडकतो.

घटकांमध्ये नियंत्रण-चिन्हे, म्हणजे ३२ पेक्षा लहान बाइट आणि १२७ हा बाइट, नसावीत असा नियम बहुतेक जण घालतात आणि तो घालावाही. मात्र इथे मराठी नावांसाठी खास एक खड्डा आहे. इंटेलच्या संगणकांवर लिनक्समध्ये साधा कॅर हा एका बाइटचा प्रकार चिन्हयुक्त (ऋण आकडेही धरणारा) असतो, देवनागरीचे सर्व बाइट १२७ च्या वरचे असल्यामुळे ते त्यात ऋण आकडे म्हणून वाचले जातात, आणि ‘३२ पेक्षा लहान’ ही अट प्रत्येक मराठी नावाला लागू पडते. तोच प्रोग्राम एआरएमवरील लिनक्सवर सुरळीत चालतो, कारण तिथे कॅर चिन्हरहित असतो; त्यामुळे दोष कोडमध्ये शोधायचा सोडून लोक मशीनवर खापर फोडतात. तुलना करण्यापूर्वी बाइट अनसाइन्ड कॅरमध्ये घ्यावा. चिन्ह छापण्याजोगे आहे का ते सांगणाऱ्या इझप्रिंटसारख्या फंक्शनांना तर ऋण मूल्य देणे, फाइल संपल्याची खूण असलेला ईओएफ हा अपवाद सोडला तर, भाषेच्या नियमांतच बसत नाही.

नाव स्वच्छ असले तरी वाटेतले फोल्डर स्वच्छ असतीलच असे नाही. ‘आवक’च्या आत कुणी दुसऱ्याच ठिकाणाकडे नेणारी सिमलिंक करून ठेवली असेल, तर एकही दुहेरी टिंब नसलेले नाव आपल्याला बाहेर घेऊन जाते. यावर रिअलपाथने पूर्ण पाथ काढायचा आणि त्याची सुरुवात ‘/साठा/आवक’ने होते का, हे स्ट्रएनसीएमपीने पाहायचे, असा उपाय सर्रास सांगितला जातो. तो तीन ठिकाणी लंगडा पडतो. ‘/साठा/आवक-जुनी’ या शेजारच्या फोल्डरचीही सुरुवात तशीच होते. जी फाइल अजून तयारच झालेली नाही तिच्यासाठी रिअलपाथ एरर देते. आणि तपासणी व उघडणे यांच्या मधल्या क्षणात फोल्डरच्या जागी सिमलिंक आणून ठेवता येते. पहिले दोन दोष थोड्या कोडने झाकता येतात, तिसरा मात्र पाथ स्ट्रिंग म्हणून वापरत राहिल्यास जात नाही.

म्हणून प्रोग्राम सुरू होतानाच ‘/साठा/आवक’ हे फोल्डर ओ_डिरेक्टरी (फोल्डर असेल तरच उघड) आणि ओ_क्लोएक्झेक (दुसरा प्रोग्राम सुरू केल्यास बंद कर) या फ्लॅगांसह एकदा उघडावे आणि त्याचा डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या फोल्डरसाठी कर्नलने दिलेला क्रमांक, शेवटपर्यंत जवळ ठेवावा. पुढे शेवटचा सोडून प्रत्येक घटकासाठी ओपनअॅट वापरावे: सध्याच्या फोल्डरचा डिस्क्रिप्टर, केवळ तो घटक, आणि वरील दोन फ्लॅगांच्या जोडीला ओ_नोफॉलो. हा तिसरा फ्लॅग फक्त शेवटच्या घटकाची सिमलिंक अडवतो, आणि एका वेळी एकच घटक उघडत गेल्यामुळे प्रत्येक घटक शेवटचाच ठरतो. सगळी युक्ती एवढ्यातच आहे. फोल्डर नसल्याची एरर आली तर एमकेडिरअॅटने ते तयार करून पुन्हा ओपनअॅट करावे. एमकेडिरअॅटने ‘आधीच अस्तित्वात आहे’ असे कळवले तरी थांबू नये, कारण त्याच वेळी दुसऱ्या जोडणीने ते फोल्डर तयार केलेले असू शकते. पुढचा डिस्क्रिप्टर मिळाल्यावर मागचा बंद करावा, अपवाद फक्त मूळ फोल्डरच्या डिस्क्रिप्टरचा. एरर आल्यावर बाहेर पडण्याच्या वाटेवर मधला एखादा डिस्क्रिप्टर बंद करायचा राहिला, तर काही दिवसांनी सर्व्हर ‘फार फाइल उघड्या आहेत’ असे म्हणत अडून बसतो. त्यामुळे फंक्शनमधून बाहेर पडण्याची वाट एकच ठेवावी.

लिनक्स ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून, हेच काम ओपनअॅट२ या सिस्टिम कॉलने एका फटक्यात होते: रिझॉल्व्ह_बिनीथ हा पर्याय दिला की मूळ फोल्डरबाहेर जाणारी प्रत्येक वाट कर्नल स्वतःच अडवतो. तरीही पायरीपायरीने उतरणारे फंक्शन मी तरी काढून टाकणार नाही. जुन्या कर्नलवर ओपनअॅट२ मिळत नाही, आणि वाटेतले फोल्डर तयार करण्याचे काम ते करतही नाही.

शेवटच्या घटकाच्या नावाने थेट फाइल उघडून तिच्यात लिहू नये. नागपुरात मे महिन्याच्या अखेरीस वादळ सुटून वीज गेली की अर्धवट पोहोचलेली पावती पूर्ण पावतीसारखीच दिसत राहते. त्याऐवजी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाची फाइल ओ_क्रिएट, ओ_एक्स्क्ल (फाइल आधीच असल्यास नकार) आणि ओ_नोफॉलो या फ्लॅगांसह उघडावी, सर्व मजकूर लिहून एफसिंक करावे, म्हणजे तो डिस्कवर उतरवून घ्यावा, क्लोजने परत केलेले मूल्यही तपासावे, आणि मगच रिनेमअॅटने खरे नाव द्यावे. त्या नावाची सिमलिंक आधीच तिथे असेल, तर रिनेम तिच्या टोकाच्या फाइलला हात न लावता सिमलिंकच बदलून टाकते, हा आयता फायदा. तात्पुरती फाइल ‘/टेम्प’मध्ये ठेवू नये, ती वेगळ्या फाइलव्यवस्थेत असल्यास रिनेम होत नाही. तात्पुरते नाव मूळ नावाला ‘.अपूर्ण’ जोडून तयार करू नये, कारण ती शेपटी १९ बाइटची आहे आणि लांब नाव तिच्यामुळे २५५ च्या पुढे जाते. प्रोसेसचा क्रमांक आणि एक मोजणी-आकडा घेऊन स्वतंत्र आखूड नाव करावे, आणि त्या नमुन्याची नावे बाहेरून आल्यास छाननीतच नाकारावीत. जुनी फाइल पुसली जाऊ नये अशी गरज असेल, तर रिनेमअॅट२ मध्ये रिनेम_नोरिप्लेस हा फ्लॅग आहे.

पाठवणाऱ्या बाजूला काम थोडे आहे. निरपेक्ष पाथ पाठवू नये, निवडलेल्या फोल्डरपासूनचा सापेक्ष पाथच पाठवावा. बेसनेम वापरताना तिच्या दोन आवृत्त्या आहेत हे ध्यानात असू द्यावे: लिबजेन हेडर घेतल्यावर मिळणारी आवृत्ती दिलेली स्ट्रिंग बदलू शकते, तर जीएनयूची आवृत्ती स्ट्रिंगला हात लावत नाही, पण पाथच्या शेवटी तिरपी रेघ असल्यास रिकामे नाव देते. दोन्हींवर विसंबण्यापेक्षा शेवटच्या रेघा आधी काढून स्ट्रआरसीएचआरने नाव वेगळे करणे सोपे.

आता मराठी नावांच्या एकरूपतेकडे वळू. ‘वऱ्हाड’ हा शब्द फाइलच्या नावात तीन प्रकारे येऊ शकतो: ऱ हे एकच चिन्ह घेऊन १८ बाइटमध्ये, र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) वेगवेगळे घेऊन २१ बाइटमध्ये, किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अदृश्य चिन्ह घेऊन, पुन्हा २१ बाइटमध्येच, पण निराळ्या बाइटांनी. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात, आणि ईएक्सटी४ नेहमीच्या मांडणीत त्यांना तीन वेगळ्या फाइली मानते. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस व्यवस्थेत नावांतील अशी जोडचिन्हे सुटी करूनच साठवली जात असल्याने तिथून आलेले नाव दुसऱ्या प्रकारचे असते. फाइल साठवताना हे बाइट बदलू नयेत, नाहीतर पाठवणाऱ्याला आपलीच फाइल सापडत नाही. मात्र ‘ही पावती आधी आली आहे का’ हे ठरवण्यासाठी तुलनेची वेगळी किल्ली तयार करावी. युनिकोडच्या एनएफसी या, सुटी चिन्हे जोडून घेणाऱ्या प्रमाण रूपाने पहिले दोन प्रकार एक होतात, तिसरा होत नाही. झेडडब्ल्यूजे सरसकट गाळल्यास ऱ्हच्या जागी रफार येऊन ‘वर्हाड’ उरते, म्हणून र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे या त्रिकुटाच्या जागी ऱ आणि हलन्त असा बदल आपल्या कोडमध्येच करावा लागतो.

हाच प्रोग्राम विंडोजवर चालवायचा असेल, तर उलटी तिरपी रेघ, अपूर्णविराम, नावाच्या शेवटची टिंबे व मोकळ्या जागा, आणि कॉन, नल यांसारखी राखीव नावे यांनाही छाननीत नकार द्यावा.

चाचणीसाठी छाननीचे फंक्शन नेटवर्कच्या कोडपासून वेगळे ठेवावे, म्हणजे त्याला थेट बाइट पुरवून मेमरीच्या चुका पकडणाऱ्या अॅड्रेस सॅनिटायझरखाली, वेडेवाकडे बाइट तयार करणाऱ्या फझरने तासन्‌तास झोडपता येते. हाताने लिहिलेल्या चाचण्यांत रिकामे नाव, नेमके २५५ आणि नेमके २५६ बाइटचे घटक, पोटात शून्य बाइट असलेले नाव, ‘....//’, ‘अहवाल..अंतिम’ आणि तिन्ही प्रकारचे ‘वऱ्हाड’ असावेत. त्याशिवाय एक चाचणी चालत्या सर्व्हरवर घ्यावी: एक प्रोसेस ‘आवक’मधील एका उपफोल्डरच्या जागी आलटूनपालटून खरे फोल्डर आणि बाहेर नेणारी सिमलिंक ठेवत राहील, दुसरी त्याच पाथवर फाइली पाठवत राहील, आणि शेवटी सिमलिंकच्या टोकाचे बाहेरचे फोल्डर रिकामे आहे का, ते पाहावे.